सरकार कोण पाडू शकतं? शासनपद्धती ओळखण्याची माझी रीत

ऐरोलीच्या एका मुलीचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात देते. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि तिथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाच्या ग्रंथालयात वाचायला बसते. तिने लिहिलंय : "मॅडम, जगातल्या शासनपद्धतींचा तक्ता करायला घेतला आणि अडकले. ब्रिटन राजेशाहीत लिहू की लोकशाहीत? दक्षिण आफ्रिकेला राष्ट्राध्यक्ष आहे, तरी एका पुस्तकात ती संसदीय म्हटलीय. फ्रान्स तीन पुस्तकांत तीन रकान्यांत सापडला. चीन आणि उत्तर कोरिया स्वतःला प्रजासत्ताक म्हणवतात, त्यांचं काय करू? आणि शेवटी यातली चांगली पद्धत कोणती?"

तू अडकलीस ती जागा खरोखर अवघड आहे. अठ्ठावीस वर्षं ठाण्यात हा विषय शिकवतेय, आणि तिथे न अडखळता पुढे जाणाऱ्या मुलांची मला जास्त काळजी वाटते. नौपाड्यातल्या वर्गात सुरुवातीची काही वर्षं मीही फळ्याच्या मधोमध रेघ मारून एकीकडे भारत-ब्रिटन आणि दुसरीकडे अमेरिका असं लिहीत असे. मुलं ते पाठ करायची, पेपरात उतरवायची, आणि वर्तमानपत्रात फ्रान्सची किंवा दक्षिण कोरियाची बातमी आली की त्यांना त्यातलं काही उमगायचं नाही. तेव्हा ती रेघ मी पुसली. त्यानंतर ज्या रीतीने शिकवायला लागले तीच इथे लिहिते.

ठाणे स्टेशनवरचा इंडिकेटर आठव. एका गाडीबद्दल तिथे तीन गोष्टी दिसतात : ती कुठे जाणार, जलद की धीमी, आणि डबे बारा की पंधरा. "ही गाडी कर्जतची आहे की जलद आहे?" असं कुणी विचारत नाही, कारण ती कर्जतचीही असते आणि जलदही असते. "ब्रिटन राजेशाही की लोकशाही?" हा प्रश्न तसाच आहे. तुझ्या एका तक्त्यात चार निरनिराळे प्रश्न एकत्र झालेत. राष्ट्रप्रमुख वारशाने येतो की निवडून? सरकार कोणाच्या पाठिंब्यावर उभं असतं आणि त्याला कोण पाडू शकतं? सत्ता राजधानीत एकवटलेली आहे की घटनेनेच वाटून दिलेली आहे? आणि सत्तेवर बसलेला माणूस निवडणुकीत खरोखर हरू शकतो का? प्रत्येक देशाला हे चारही प्रश्न वेगवेगळे विचारायचे आणि चारही उत्तरं वेगवेगळी लिहायची.

ही खटपट फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने दोन प्रश्न धरले होते : राज्य एक जण करतो, थोडे करतात की पुष्कळ, आणि ते सगळ्यांच्या हितासाठी करतात की स्वतःच्या. त्यातून त्याचे सहा प्रकार निघाले. मला त्या सहा प्रकारांपेक्षा त्याच्या कामाची पद्धत मोलाची वाटते. त्याने आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यांच्या घटनांची माहिती जमवली होती असं परंपरा सांगते. त्यातली अथेन्सची तेवढी इजिप्तमधल्या पपायरसवर सापडली आणि १८९१ साली छापली गेली. आधी माहिती गोळा करायची आणि खण नंतर पाडायचे, हा क्रम तूही सोडू नकोस.

पहिला प्रश्न लवकर सुटतो. राष्ट्रप्रमुख वारशाने आला तर राजेशाही, नाहीतर प्रजासत्ताक. यातून सत्ता कोणाकडे आहे हे जवळपास काहीच कळत नाही. ब्रिटन, जपान, स्वीडन आणि नेदरलँड्स इथे राजघराणी आहेत आणि कारभार निवडून आलेली माणसं करतात. सौदी अरेबियातही राजा आहे, पण १९९२ च्या मूलभूत कायद्याने सत्ता त्याच्याच हाती ठेवली आहे आणि सल्ला देणाऱ्या शूरा परिषदेचे सभासद तोच नेमतो. दोन्हींना 'राजेशाही' म्हणून एका ओळीत बसवलंस तर हाती काही लागत नाही. या व्याख्येला अपवादही आहेत. मलेशियात नऊ संस्थानिक आपल्यातल्याच एकाला पाच वर्षांसाठी राजा निवडतात. अँडोरा या चिमुकल्या देशाचे दोन सहराजे असतात : एक स्पेनमधल्या उर्जेलचा बिशप आणि दुसरा फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष. म्हणजे फ्रान्सचा मतदार आपला राष्ट्राध्यक्ष निवडताना शेजारच्या देशाचा राजाही निवडत असतो. भूतानच्या २००८ च्या घटनेत तर राजाने पासष्टाव्या वर्षी पायउतार व्हावं असं कलमच आहे. हा रकाना भर, पण त्यावर विसंबू नकोस.

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तिथे मी रेंगाळणार आहे. सरकार कोण पाडू शकतं?

संसदीय पद्धतीची ओळख एवढीच की सरकारला कायदेमंडळाचा विश्वास सतत लागतो, आणि तो गेला की सरकार जातं. १७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मतं पडली. एका मताने सरकार गेलं. कोणावर गुन्हा शाबीत झाला नव्हता, कोणाची मुदत संपली नव्हती. ब्रिटनमध्ये २८ मार्च १९७९ ला जेम्स कॅलहन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१० असं एकाच मताने पडलं होतं.

ठाण्यात राहणाऱ्यांना हे पुस्तकातून शिकायची गरजच नाही. जून २०२२ मध्ये इथे घरोघरी आणि रिक्षा स्टँडवर विधानसभेतल्या आकड्यांचीच चर्चा होती. कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे यांनी ३० जूनला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि ४ जुलैला विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ मतांनी संमत झाला. मधल्या काळात मतदाराने एकदाही बटण दाबलं नव्हतं. कुणाची राजकीय बाजू कोणतीही असो, विद्यार्थ्याने त्यातून यंत्रणा समजून घ्यावी. पुढे ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने, राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं असं म्हटलं. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिलेला असल्यामुळे पूर्वीचं सरकार परत आणता येणार नाही, असंही म्हटलं. संसदीय पद्धतीत सभागृहातल्या मोजणीला किती वजन असतं हे यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

अध्यक्षीय पद्धतीत ही वाट मुळातच बंद असते. राष्ट्राध्यक्ष आणि कायदेमंडळ दोघंही लोकांकडून वेगवेगळे निवडून येतात, दोघांच्या मुदती ठरलेल्या असतात, आणि बहुमत नाही म्हणून एक दुसऱ्याला घरी पाठवू शकत नाही. अमेरिकेत महाभियोग आहे, पण तो गैरकृत्यासाठी, आणि सेनेटमध्ये दोन तृतीयांश मतं मिळाली तरच पद जातं. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले. बिल क्लिंटन यांच्यावर एकदा आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग आला, तिन्ही वेळा सेनेटने त्यांना पदावर राहू दिलं. निक्सन १९७४ मध्ये गेले ते त्याआधीच राजीनामा देऊन. म्हणजे सेनेटच्या मतदानाने आजवर तिथला एकही राष्ट्राध्यक्ष पदावरून गेलेला नाही.

फरक नीट दिसतो तो पैशाच्या मुद्द्यावर. आपल्याकडे लोकसभेने सरकारची खर्चाची मागणी फेटाळली तर सरकारने जायचं असतं. अमेरिकेत खर्चाच्या मंजुरीवर काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या कायदेमंडळात, एकमत झालं नाही तर सरकारी कामकाजच थांबतं. २०२५ मध्ये ते १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस थांबलं. कर्मचारी पगाराविना राहिले, पण राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस दोघंही आपापल्या जागी होते, कारण कोंडी फोडण्यासाठी निवडणूक घ्यायची सोय त्या घटनेत नाही.

हुआन लिंझ नावाच्या अभ्यासकाने १९९० मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. दोघंही म्हणतात, मला जनतेने पाठवलंय. मग ऐकायचं कोणाचं? चिलीत १९७० साली साल्वादोर आयेंदे सुमारे ३६ टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले, काँग्रेसमधलं बहुमत विरोधात होतं, आणि त्यांची मुदत मात्र सहा वर्षांची होती. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता बळकावली. बाहेरच्या शक्तींचा हात आणि आर्थिक अरिष्ट हेही त्यात होतं, सगळा दोष घटनेवर ढकलता येत नाही. पण सनदशीर मार्गाने सरकार बदलायची फट असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मला त्या इतिहासात नेहमी टोचतो. उलट बाजूही बघ. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. काही तासांत संसदेने १९० विरुद्ध ० मतांनी तो मागे घ्यायला लावला. १४ तारखेला ३०० पैकी २०४ मतांनी महाभियोग मंजूर झाला आणि ४ एप्रिल २०२५ ला संविधान न्यायालयाने त्यांना पदावरून काढलं. अध्यक्षीय पद्धतीतही दार उघडतं, पण त्याला तीन कुलपं असतात.

आता तुझी दक्षिण आफ्रिका. तिथला राष्ट्राध्यक्ष जनता थेट निवडत नाही. नॅशनल असेंब्ली आपल्या सभासदांमधून त्याला निवडते, आणि निवडून आल्यावर त्याचं सभासदत्व संपतं. असेंब्लीने साध्या बहुमताने अविश्वास ठराव केला की त्याला मंत्रिमंडळासह जावं लागतं. पाटी 'राष्ट्राध्यक्ष' अशी आहे, कारभार पंतप्रधानासारखा चालतो. तुझ्या पुस्तकाने त्याला संसदीय म्हटलं ते यंत्रणा बघून. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात अध्यक्षीय सापडलं तर ते पदनाम बघून लिहिलंय असं समज.

स्वित्झर्लंड याच्या बरोबर उलट आहे आणि माझा फार आवडता आहे. तिथे सात जणांचं मंडळ देश चालवतं. त्यांना संसद निवडते, पण चार वर्षं संपेपर्यंत काढू शकत नाही. त्या सातांतलाच एक जण दर वर्षी पाळीपाळीने अध्यक्ष होतो आणि तो बाकीच्यांचा वरिष्ठ नसतो. जन्म संसदेतून, म्हणून संसदीय म्हणावं, तर संसद पाडू शकत नाही. मुदत पक्की, म्हणून अध्यक्षीय म्हणावं, तर लोक निवडत नाहीत. अशा देशाला ओढूनताणून खणात बसवू नये. त्याला स्वतःची ओळ द्यावी.

फ्रान्समध्ये दोन्ही यंत्रं एकाच छपराखाली आहेत. १९५८ च्या घटनेने पंतप्रधानाला संसदेपुढे जबाबदार ठेवलं. १९६२ च्या सार्वमताने राष्ट्राध्यक्ष थेट जनतेकडून निवडला जाऊ लागला. याला अर्ध-अध्यक्षीय म्हणतात, पण खरा कारभार कोणाचा हे संसदेतल्या बहुमतावर ठरतं. राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाचं बहुमत असेल तर पंतप्रधान त्याचा हाताखालचा माणूस होतो. विरोधकांचं असेल तर देशातला कारभार पंतप्रधानाकडे जातो. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना विरोधी पक्षाच्या शिराक यांना पंतप्रधान नेमावं लागलं, आणि १९९७ ते २००२ या काळात स्वतः शिराक राष्ट्राध्यक्ष असताना समाजवादी जोस्पँ पंतप्रधान होते. डिसेंबर २०२४ मध्ये बार्निये यांचं सरकार अविश्वास ठरावाने पडलं. १९६२ नंतर तसं पहिल्यांदाच घडलं, आणि राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ मात्र जागेवर राहिले. फ्रान्स तुला तीन रकान्यांत सापडला, कारण त्या तीन पुस्तकांनी तीन वेगळ्या काळांतला फ्रान्स बघितला असणार.

वर्गात मुलं हमखास सुचवतात, की पंतप्रधानच थेट निवडून आणावा, म्हणजे दोन्हींतलं चांगलं मिळेल. इस्रायलने ते करून बघितलंय. १९९६, १९९९ आणि २००१ अशा तीन वेळा तिथे पंतप्रधान थेट निवडला गेला. छोट्या पक्षांच्या मागण्यांतून पंतप्रधानाची सुटका व्हावी हा हेतू होता. झालं उलटं. लोक एक मत पंतप्रधानाला द्यायचे आणि दुसरं मनासारख्या छोट्या पक्षाला. १२० जणांच्या क्नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, दोन मोठ्या पक्षांच्या मिळून १९९२ मध्ये ७६ जागा होत्या, त्या १९९९ मध्ये ४५ वर आल्या. थेट निवडून आलेल्या पंतप्रधानालाही बहुमत त्याच संसदेतून जुळवावं लागत होतं. २००१ मध्ये त्यांनी तो कायदा रद्द केला.

हाच धडा आपल्या जिल्ह्यात गिरवता येतो. ठाण्याचा महापौर नगरसेवक निवडतात. अंबरनाथ आणि बदलापूरचा नगराध्यक्ष मतदार थेट निवडतात, त्यामुळे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातलं बहुमत दुसऱ्याचं, असं होऊ शकतं. आपल्या राज्याने थेट सरपंचाची पद्धत २०१७ मध्ये आणली, २०२० मध्ये काढली आणि २०२२ मध्ये परत आणली. प्रत्येक वेळी विधिमंडळात मांडले गेलेले मुद्दे काढून वाच : थेट निवडलेला सरपंच स्थिर असतो, पण सदस्य विरोधात गेले तर ग्रामपंचायतीची कामं अडतात. लिंझ यांचा सगळा वाद त्यात सापडेल. एक गोष्ट मात्र विसरू नकोस. महापालिकेत महापौर हा सरकारप्रमुख नसतो. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांना राज्य सरकार नेमतं. नवी मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ तिथे एकही नगरसेवक नव्हता. आयुक्तच प्रशासक होते. तू ऐरोलीत राहतेस, तेव्हा पाणी आणि रस्ते चालूच होते. पण त्यांच्याबद्दल सभागृहात उभं राहून जाब विचारणारं कुणी नव्हतं. लोकनियुक्त सरकार आणि नुसता कारभार यांतला फरक कुणी विचारला तर मी हेच उदाहरण देते, आणि त्या वर्षांबद्दल मला अजून वाईट वाटतं.

सरकार पाडणं किती सोपं असावं यातही तऱ्हा आहेत. जर्मनीत १९४९ च्या मूलभूत कायद्याने अट घातली, की नवा चॅन्सेलर, म्हणजे तिथला सरकारप्रमुख, बहुमताने निवडाल तेव्हाच जुना जाईल. वायमार काळात, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर हिटलर येईपर्यंतच्या जर्मन प्रजासत्ताकात, एकमेकांचे शत्रू असलेले पक्ष केवळ सरकार पाडायला एकत्र येत आणि नवं द्यायच्या वेळी पांगत, हा अनुभव त्यामागे होता. याला रचनात्मक अविश्वास ठराव म्हणतात. १९७२ मध्ये तो दोन मतांनी फसला. १ ऑक्टोबर १९८२ ला यशस्वी झाला, हेल्मुट श्मिट गेले आणि त्याच मतदानाने हेल्मुट कोल आले. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने दुसऱ्या टोकाने बंदोबस्त केला : आमदार-खासदाराने पक्षादेश मोडला तर त्याचं सदस्यत्वच जाऊ शकतं. माझं स्पष्ट मत आहे, की यामुळे आपली संसदीय पद्धत आतून बदलली. ब्रिटनमध्ये स्वपक्षाचे खासदार उघडपणे विरोधात जाऊ शकतात, आणि २०२२ मध्ये पक्षाचाच पाठिंबा गेल्यामुळे लिझ ट्रस दोन महिनेही पंतप्रधान राहिल्या नाहीत. आपल्याकडे तसा एकट्याने विरोध करायची हिंमत फार महाग पडते.

तिसरा प्रश्न सत्तेच्या वाटणीचा. इथे मी ठाण्याच्या मुलांना २०१४ साल दाखवते. २ जूनला तेलंगणा राज्य झालं आणि १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. पालघरसाठी राज्य सरकारचा निर्णय पुरला, जिल्ह्याची संमती लागत नाही. राज्य आणि जिल्हा यांचं नातं असं एकात्म असतं, म्हणजे सगळी सत्ता वरच्याच हाती. तेलंगणाचं नीट बघ. आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विभाजनाचं विधेयक फेटाळलं होतं, तरी संसदेने ते मंजूर केलं, कारण आपल्या घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात राज्याचं मत विचारायचं असतं, संमती घ्यावीच लागत नाही. अमेरिकेत संबंधित राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याचा तुकडा पाडून नवं राज्य करता येत नाही. दोन्ही संघराज्यं, पण कस वेगळा. तिकडे सेनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोन जागा. आपल्या राज्यसभेत उत्तर प्रदेशला ३१ आणि महाराष्ट्राला १९.

ब्रिटन एकात्म आहे. लंडनची महानगर परिषद १९८६ मध्ये संसदेने कायदा करून बरखास्तच केली. त्याच संसदेने पुढे स्कॉटलंडला स्वतःची संसद दिली, ती १९९९ पासून चालू आहे. कायद्याने दिलेले अधिकार कायद्याने काढताही येतात, घटनेने दिलेले सहज काढता येत नाहीत. संघराज्य ओळखायची ही कसोटी. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना सांगितलं होतं, की आपली घटना काळाच्या आणि परिस्थितीच्या गरजेप्रमाणे एकात्मही होऊ शकते आणि संघराज्यात्मकही. म्हणून भारताच्या ओळीत 'संघराज्य' एवढाच शब्द लिहू नकोस, पुढे दोन वाक्यं लिही.

चौथा प्रश्न चीन आणि उत्तर कोरियाचा निकाल लावतो. देशाचं नाव बाजूला ठेव. उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात लोकशाही, लोक आणि प्रजासत्ताक हे तिन्ही शब्द आहेत, आणि सत्ता एका घराण्यात तिसऱ्या पिढीत पोचली आहे. चीनमध्ये सर्वोच्च कायदेमंडळात जवळपास तीन हजार प्रतिनिधी बसतात. ११ मार्च २०१८ ला राष्ट्राध्यक्षाच्या दोन मुदतींची मर्यादा काढण्याच्या बाजूने २,९५८ मतं पडली आणि विरोधात दोन. घटनेच्या कागदावर ते सभागृह सर्वोच्च आहे. निर्णय कम्युनिस्ट पक्षात होतात. म्हणून चीनला 'एकपक्षीय प्रजासत्ताक' म्हणणं जास्त नेमकं.

इराण गुंतागुंतीचा आहे. १९७९ नंतरच्या घटनेत राष्ट्राध्यक्ष आणि संसद निवडणुकीने येतात, स्पर्धाही चुरशीची होते. पण उमेदवार कोण असावेत हे बारा जणांची मार्गदर्शक परिषद चाळणी लावून ठरवते, आणि त्यातले सहा धर्मपंडित सर्वोच्च नेता नेमतो.

फार काळ एकच पक्ष सत्तेत असला म्हणून लोकशाही नाही, असं मात्र लगेच लिहू नकोस. मेक्सिकोत १९२९ ते २००० एकाच पक्षाची सत्ता होती, राष्ट्राध्यक्ष दर सहा वर्षांनी बदलायचा आणि पक्ष तोच राहायचा. तिथे निवडणुकांत ढवळाढवळ होती हे आता सर्वमान्य आहे. बोट्स्वानात १९६६ पासून एकच पक्ष जिंकत होता, पण २०२४ च्या निवडणुकीत तो हरला आणि राष्ट्राध्यक्षांनी हार मान्य करून सत्ता सोपवली. बाहेरून दोन्ही देश इतकी वर्षं सारखेच दिसायचे. कोणता पक्ष किती वर्षं आहे यापेक्षा मतमोजणी कोण करतं, विरोधकाला सभा घेता येते का, निकाल न्यायालयात नेता येतो का, हे शोध.

या चौथ्या प्रश्नासाठी जागतिक निर्देशांक वापरतात. इकॉनॉमिस्ट समूहाचा निर्देशांक २००६ पासून देशांना चार गटांत विभागतो : पूर्ण लोकशाही, सदोष लोकशाही, संमिश्र आणि हुकूमशाही. फ्रीडम हाऊस या अमेरिकी संस्थेचे तीन गट आहेत. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाचा व्ही-डेम प्रकल्प हजारो तज्ज्ञांकडून माहिती घेतो. २०२१ च्या सुमाराला भारत पहिल्याच्या यादीत सदोष लोकशाही होता, दुसऱ्याच्या यादीत अंशतः स्वतंत्र आणि तिसऱ्याच्या यादीत निवडणुकीतून आलेली एकाधिकारशाही. भारत सरकारने अशा मोजमापांवर आक्षेप घेतला. विद्यार्थ्याने यातल्या एकाला प्रमाण मानू नये आणि तिन्ही फेकूनही देऊ नयेत. कोणी काय मोजलं, ते वाचावं.

आता, चांगली पद्धत कोणती? १९४८ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी याचं उत्तर दिलंय आणि ते ज्यांच्या नावाच्या वास्तूत तू बसतेस त्यांच्याच तोंडून तू वाचावंस असं मला मनापासून वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की लोकशाही सरकारला स्थैर्य हवं आणि जबाबदारीही हवी, पण दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी रचना अजून सापडलेली नाही. अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते. संसदीय पद्धतीत जबाबदारीची तपासणी रोज होते : प्रश्नांतून, ठरावांतून, चर्चेतून. मसुद्याने जबाबदारीला वरचं माप दिलं. त्यामुळे परीक्षेत "अमुक पद्धत श्रेष्ठ" असं लिहू नकोस. कोणत्या समाजाला कशाची भीती जास्त होती ते लिही. जर्मनीला वायमारची होती. १९५८ च्या फ्रान्सला वरचेवर पडणाऱ्या सरकारांची होती.

वहीचं काम असं कर. दर देशाला अर्धं पान दे. चार प्रश्नांच्या चार ओळी, आणि पाचवी ओळ माझ्या आग्रहाखातर : शेवटचं सरकार कोणी, कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने बदललं. पहिल्या चार ओळी घटनेतून मिळतात, पाचवी बातम्यांतून.

सुरुवात श्रीलंकेपासून कर. घटना १९७८ ची, रचना फ्रान्सच्या वळणाची. २६ ऑक्टोबर २०१८ ला राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांनी पंतप्रधान विक्रमसिंघे यांना काढून महिंदा राजपक्षे यांना नेमलं. त्याआधी २०१५ मध्ये झालेल्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाकडून तो अधिकार काढून घेतलेला होता. मग संसदही बरखास्त केली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली आणि विक्रमसिंघे परत आले. जुलै २०२२ मध्ये इंधन आणि औषधांच्या टंचाईने त्रासलेले लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष, महिंदा यांचे भाऊ गोटाबाया राजपक्षे देशाबाहेर गेले आणि तिथून त्यांनी राजीनामा दिला. २० जुलैला उरलेल्या मुदतीसाठी नवा राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडला, तेही विक्रमसिंघेच. सप्टेंबर २०२४ मध्ये मतदारांनी त्यांना हरवून अनुरा कुमारा दिसानायके यांना आणलं. सहा वर्षांत कधी न्यायालय, कधी रस्ता, कधी संसद आणि कधी मतपेटी. या देशाच्या पाचव्या ओळीला अर्धं पान पुरणार नाही, पूर्ण घे. मग नेपाळ आणि भूतान कर, आणि तिन्हींची पानं झाली की मला पाठव.